वन्संचा ठिपका

हे १९८७ साली घडलं. साल माझ्या पक्कं लक्षात आहे, कारण त्याच वर्षी आमच्या खात्यात नवं यंत्र आलं आणि त्याच वर्षी वन्सं मुख्याध्यापिका होणार होत्या. दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात आल्या आणि एकमेकींच्या पायात पाय अडकून पडल्या.

मी तेव्हा रुग्णालयाच्या तळमजल्यावर गॅमा कॅमेऱ्यावर कामाला होते. एक्स-रेच्या यंत्रातून किरण निघतात आणि माणसाच्या आरपार जातात. आमच्याकडे सगळं उलटं. माणसाला सुईतून थोडंसं किरणोत्सारी औषध द्यायचं, ते हाडांत जाऊन बसेपर्यंत त्याला पाणी पाजत बसवायचं आणि मग यंत्राखाली झोपवायचं. किरण माणसातून निघतात, यंत्र फक्त बघतं. हाडात कुठे बिघाड असेल तर तिथे औषध जास्त साचतं आणि फोटोत काळा ठिपका उमटतो. घाबरलेली माणसं विचारायची, "यंत्र काही करतं का हो?" मी सांगायची, "काही करत नाही. लग्नातल्या चुलत सासऱ्यांसारखं नुसतं बघत बसतं."

आमच्या जुन्या यंत्राला सगळे म्हातारी म्हणत. तिचं तोंड गोल, मोठ्या परातीएवढं. अख्खा माणूस तिच्या नजरेत मावायचा नाही, म्हणून डोकं, छाती, कंबर, गुडघे असे तुकड्यातुकड्यांनी फोटो घ्यावे लागत. तिचा दांडा खाली आणताना कण्हल्यासारखा आवाज यायचा, आणि थंडीत ती सुरू व्हायला कुरकुर करायची. पण जे असेल ते दाखवायची, नसेल ते दाखवायची नाही. मी तिच्यावर बारा वर्षं काम केलं होतं, आणि नवऱ्याचे मूड कळतात तसे मला तिचे मूड कळत.

नव्या यंत्राचं नाव साहजिकच नवरी पडलं. मलईच्या रंगाची, लांबट चौकोनी तोंडाची, बटण दाबलं की खाट आपोआप सरकणारी. तिच्याबरोबर कंपनीचा एक माणूस आला होता. तो रोज नवा टाय घालायचा आणि नवरीला कुणालाही हात लावू द्यायचा नाही, म्हणून त्याला आम्ही टायवाले म्हणायचो. मी एकदा नुसती धूळ पुसायला गेले तर म्हणाले, "बाई, तुम्ही आपल्या जुन्याकडेच बघा. हिची सवय व्हायला वेळ लागतो."

"हिला की मला?" मी विचारलं. त्यांनी टाय सरळ केला.

रुग्णालयाच्या मंडळाचा नियम असा होता की नवं यंत्र घेण्याआधी त्याची जुन्याशी तुलना करायची, आणि कुणाचे फोटो सरस आहेत ते पंचांनी ठरवायचं. आमच्या खात्याच्या साहेबांनी नियम पाळला. फक्त तोवर यंत्र आलेलं होतं, ते आत घ्यायला भिंत पाडून पुन्हा बांधलेली होती, आणि दारावर साहेबांच्या नावाची पितळी पाटी लागली होती. निकाल आधी लागला होता, परीक्षा तेवढी घ्यायची राहिली होती.

साहेब वाईट माणूस नव्हते. हुशार होते, पेशंटशी गोड बोलायचे, आम्हाला कधी टाकून बोलले नाहीत. त्यांना एकच व्यसन होतं, फोटोत येण्याचं. खात्याच्या व्हरांड्यात त्यांचे इतके फोटो होते की नवा पेशंट आत येईपर्यंत त्यांना ओळखायला लागायचा.

तुलनेचे दोन भाग होते. पहिला बरणीचा, दुसरा माणसाचा.

बरणी म्हणजे जाड प्लास्टिकचं, आरपार दिसणारं एक भांडं. आत लहानमोठे सहा गोळे बसवलेले. बरणीत पाणी आणि औषध भरायचं आणि फोटो काढायचा. पाणी गडद येतं, गोळ्यांच्या जागी फिकट गोल दिसतात. जितका लहान गोळा दिसेल तितकं यंत्र डोळस. माणसासाठी मात्र असा कुणी हवा होता ज्याचा हाडांचा फोटो तसाही काढायचाच आहे आणि जो एकाच सुईवर दोन्ही यंत्रांखाली झोपायला तयार आहे.

साहेबांनी मला विचारलं, आणि मी वन्संना.

वन्सं म्हणजे ह्यांची बहीण. मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. माझ्याहून वर्षभराने मोठ्या. मला वहिनी म्हणायच्या आणि वागायच्या सासूसारख्या. लग्न केलं नाही. "मला उत्तर येणारं गणितच आवडतं," असं त्याचं कारण सांगायच्या. पाच वर्षांपूर्वी त्यांच्या छातीतली गाठ काढली होती. तेव्हापासून दर वर्षी हाडांचा फोटो व्हायचा, तो दुखणं हाडांत उतरलेलं नाही ना हे बघायला. दर वर्षी तो स्वच्छ यायचा, आणि दर वर्षी त्या आधी आठवडाभर कुणाशी धड बोलायच्या नाहीत.

त्या वर्षी शाळेने त्यांना मुख्याध्यापिकेची खुर्ची देऊ केली होती. वीस वर्षं त्या खुर्चीसमोर उभं राहून त्यांनी भांडणं केली होती. वन्संनी शाळेला सांगितलं, "फोटो झाला की त्याच दिवशी कळवते. फोटो स्वच्छ असेल तर येते. नसेल तर दुसरी बघा. मध्येच आजारी पडून शाळेला लटकवणारी बाई नको."

"सुई एक आणि फोटो दोन," मी त्यांना सांगितलं.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "मुलींना मी सांगतेच, उत्तर दोन रीतींनी काढून पडताळा बघावा."

त्या दिवशी सकाळी बरणी साहेबांनी स्वतः भरली. झाकणाचा स्क्रू आवळला, बुडबुडे जावेत म्हणून हलवली, आधी म्हातारीखाली ठेवली, मग नवरीच्या खाटेवर. दोन्हींचे फोटो शेजारी शेजारी टांगले. दोन्हींत चार गोळे दिसत होते.

साहेब बराच वेळ बघत राहिले. "पाचवा दिसतोय," ते म्हणाले. "नव्यात. डोळे जरा बारीक करा."

सगळ्यांनी डोळे बारीक केले. टायवाल्यांना लगेच दिसला. हाडांचे डॉक्टर पंच म्हणून आले होते. त्यांना चष्मा काढल्यावर दिसला. मीही डोळे बारीक केले, आणि मला तो म्हातारीच्या फोटोतही दिसला. तसं मी म्हटलं.

"तिथे तो भास आहे," साहेब शांतपणे म्हणाले.

एवढ्यात फोटोग्राफर पोचला. बाजारातल्या स्टुडिओचा, रिबीन कापण्याच्या कार्यक्रमासाठी बोलावलेला. त्याला उशीर झाला होता, आणि मुख्य काम होऊन गेल्याचं ऐकून तो खट्टू झाला. साहेब म्हणाले, त्यात काय, परत करू. त्यांनी नवरीच्या खाटेवरून बरणी उचलली आणि छातीशी धरली.

"तसं नको साहेब, देवाचा प्रसाद वाटल्यासारखं दिसतंय," फोटोग्राफर म्हणाला. "मघाशी काय करत होता ते करा. हलवत होता म्हणे ना? जरा तिरकी धरून हलवा. चेहरा माझ्याकडे."

साहेबांनी बरणी तिरकी धरून हलवली, चेहरा त्याच्याकडे ठेवून. एकदा, दोनदा, मग हसून एकदा. मी दारातून बघत होते, आणि तेव्हा मलाही फक्त साहेबांचा चेहराच दिसला.

औषध भरलेलं भांडं हाताळून झालं की खाटेवरून टिकटिक वाजणारं मीटर फिरवायचं, असा आमच्याकडे नियम होता. कुठे थेंब सांडला असेल तर कळतं. म्हातारीच्या खाटेवरून मी फिरवलं. नवरीची जबाबदारी टायवाल्यांची. त्यांनी मीटर हातात घेतलंही होतं. पण बरणी साहेबांच्या हातातून गेली होती. तिच्यामागे मीटर फिरवायचं म्हणजे साहेबांचा हात गळका आहे असं तोंडावर सांगायचं. त्यांनी मीटर परत टेबलावर ठेवलं, पिशवीतून कंपनीचं नाव विणलेली पांढरीशुभ्र चादर काढली आणि झटकून खाटेवर पसरली.

वन्संना सुई सकाळीच दिली होती. त्या आधी म्हातारीकडे आल्या. तिच्या खाटेवर त्यांना सवयीने झोपता यायचं.

"कण्हते आहे अजून," दांडा खाली येताना वन्सं म्हणाल्या.

"तुमच्याएवढी नाही."

"मी कण्हत नाही. मी सूचना करते."

एकेक तुकडा घेत मी पायापर्यंत गेले. डाव्या गुडघ्यात जरा झीज, ती दर वर्षीची. बाकी सगळं स्वच्छ. निकाल सांगायचा अधिकार माझा नाही, म्हणून मी तोंड मिटून ठेवलं, पण माझ्या चालण्यावरून वन्संना कळलं असणार. उठताना त्यांनी माझ्या दंडाला चिमटा काढला.

मग त्या नवरीकडे गेल्या. मी दारात उभी राहिले, कारण आत यायला मला मनाई होती. खाट आवाज न करता सरकत होती. टायवाले पडद्यासमोर बसले होते. थोड्या वेळाने ते उभे राहिले. मग वाकून बघितलं, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, घरून काही चांगली बातमी आली.

साहेबांना बोलवायला ते जवळजवळ पळत निघाले. जाता जाता वन्संकडे वाकून म्हणाले, "ताई, तुमचा ठिपका फार सुंदर आलाय."

वन्सं खाटेवर तशाच पडून राहिल्या. "कसला ठिपका?" त्यांनी छताला विचारलं.

डाव्या खुब्यात, वाटाण्याएवढा, काळा, काठ अगदी रेखीव. म्हातारीच्या फोटोत त्या जागी काही नव्हतं.

पंचांची बैठक दुपारी भरली. पंच पाच होते. कुठला फोटो कुठल्या यंत्राचा हे त्यांना कळू नये म्हणून साहेबांनी फोटोंवरची नावं काळजीपूर्वक झाकली होती. म्हातारीचे फोटो गोल होते आणि नवरीचे चौकोनी, एवढंच झाकायचं राहिलं होतं. पंचांनी न बोलता गुण दिले. चौकोनी फोटोला स्पष्टतेचे पैकीच्या पैकी मिळाले. ठिपका असणं हा नवरीचा गुण ठरला आणि ठिपका नसणं हा म्हातारीचा दोष. चहा घेता घेता एक पंच म्हणाले, "विचार करा, जुन्यावर ही बाई निरोगी म्हणून घरी गेली असती." सगळ्यांनी माना हलवल्या. हाडांचे डॉक्टर म्हणाले, हाडाचा तुकडा काढून तपासावा लागेल, सोमवारी जागा आहे.

सोमवारीच वन्सं खुर्चीत बसायच्या होत्या.

त्या व्हरांड्यात साहेबांच्या फोटोंखालच्या बाकावर बसल्या होत्या. मी शेजारी जाऊन बसले.

"खुबा मला कधी दुखला नाही," त्या म्हणाल्या.

"हं."

"तुझ्या म्हातारीला दिसला का?"

"नाही."

"मग दोघींपैकी खरं कोण बोलतंय?"

"पंचांनी नवरीच्या बाजूने मत दिलं. पाचही जणांनी."

वन्संनी जरा विचार केला. "म्हणजे मला बहुमताने रोग झाला."

मला हसू आलं आणि त्याच श्वासात रडू आलं. त्यांनी पदराचं टोक माझ्या हातात दिलं, स्वतःच्या पदराचं. त्या स्वतः रडत नव्हत्या. हातांची बोटं एकात एक घालून इतकी आवळून धरली होती की नखं पांढरी पडली होती.

"शाळेला फोन करायचा आहे," त्या म्हणाल्या. "चार वाजता शिपाई ऑफिसला कुलूप लावतो. नाही म्हणून सांगून टाकते. भावाला तू सांग, मला जमायचं नाही."

फोन साहेबांच्या खोलीत होता, आणि खोली पुष्पगुच्छांनी भरली होती. आम्ही दाराशी गेलो तर साहेबच समोर आले. "ताई, तुम्ही जाऊ नका," ते मनापासून म्हणाले. "अध्यक्ष येताहेत. त्यांना तुम्हाला भेटायचंय. या यंत्राने ज्यांचं निदान केलं अशा तुम्ही पहिल्या."

"मला एक फोन करायचा आहे."

"कार्यक्रम झाला की लगेच. मी स्वतः नंबर फिरवून देतो."

शाळेला द्यायचा नकार असा पुष्पगुच्छांमुळे अडकून पडला.

मंडळाचे अध्यक्ष आले. गोल चेहऱ्याचे, लक्ष देऊन ऐकणारे गृहस्थ. काही कळलं नाही की जास्त लक्ष द्यायचे. रिबीन कापली, टाळ्या झाल्या. मग त्यांना यंत्र चालू असताना दाखवायचं म्हणून वन्संना पुन्हा खाटेवर झोपवलं. औषध अजून अंगात होतंच.

फोटोग्राफरने कॅमेऱ्यातून बघितलं आणि मान हलवली. "असं नाही जमणार. यंत्रावरचं कंपनीचं नाव बाईंच्या पायांमागे जातंय."

टायवाल्यांनीही बघितलं. नाव खरंच पायांमागे जात होतं. "ताई, जरा उलट्या झोपता का? डोकं या बाजूला, पाय त्या बाजूला."

"यंत्राला चालेल?" वन्संनी विचारलं.

"यंत्राला सगळं चालतं."

वन्सं उठल्या, वळल्या आणि उलट्या झोपल्या. नाव दिसायला लागलं. अध्यक्ष खाटेशेजारी उभे राहिले, साहेब त्यांच्याशेजारी, हाडांचे डॉक्टर मागे, बाकीचे पंच भिंतीशी. मीही त्या दिवशी पहिल्यांदा आत होते, कारण पुष्पगुच्छ धरायला कुणी तरी हवं होतं. खाट सरकली, पडद्यावर एकेक हाड उजळत गेलं. फोटोत जे काळं येतं ते पडद्यावर चमकतं. साहेब अध्यक्षांना सांगत होते, "आता बघा, डाव्या खुब्यात."

डाव्या खुब्यात काही नव्हतं.

ठिपका होता. तसाच रेखीव, तसाच वाटाण्याएवढा. पण तो उजव्या मांडीत होता.

अध्यक्षांनी विचारलं, "खुबा म्हणजे हाच का?"

साहेबांनी गळा साफ केला. "पसरतोय," ते म्हणाले.

"दोन तासांत?" मी विचारलं.

"काही प्रकार फार वेगवान असतात," हाडांचे डॉक्टर म्हणाले. त्यांनी खिशातून डायरी काढली, बहुधा सोमवारच्या आधीची जागा शोधायला. "खुब्यातून निघून मांडीत, आणि तेही दुसऱ्या पायात. मी असं कधी पाहिलं नाही."

"जुन्या यंत्रांवर दिसलंच नसतं," टायवाले म्हणाले.

वन्संचा चेहरा माझ्या बाजूला होता. तो तेव्हा जसा दिसला तसा मला अजून दिसतो. सकाळी शाळेत जाणारी बाई दुपारपर्यंत दोन्ही पायांनी गेली होती, आणि तिच्या शेजारी उभी राहून चार शहाणी माणसं वेगाचं कौतुक करत होती.

"आता पुष्पगुच्छ," फोटोग्राफर म्हणाला. त्याला ठिपक्याशी काही घेणंदेणं नव्हतं. "बाई, उभ्या राहा. साहेब, तुम्ही सरकू नका, पडदा मागे दिसू दे."

मी वन्संना हात देऊन उठवलं. त्या खाटेवरून उतरल्या, उभ्या राहिल्या, अध्यक्षांनी माझ्या हातातून फुलं घेऊन त्यांच्या हातात दिली. टायवाले फोटोत यायच्या घाईत यंत्र बंद करायला विसरले होते. सगळे कॅमेऱ्याकडे बघून हसत होते. वन्सं तेवढ्या हसत नव्हत्या. त्या पडद्याकडे बघत होत्या.

पडद्यावरून एकेक करत त्यांची सगळी हाडं नाहीशी झाली. ठिपका तेवढा राहिला. काळ्या पडद्याच्या मध्यावर, एकटा, ऐटीत.

"अहो," वन्सं म्हणाल्या. वर्गात पोरी गोंधळ घालत असल्या की त्यांचा आवाज जसा खाली यायचा तसा आला. "मी इथे उभी आहे. मग तिथे कोण झोपलंय?"

सगळे वळले. रिकामी खाट, पांढरी चादर, कंपनीचं नाव.

"वा," अध्यक्ष म्हणाले. "पेशंट उठून गेला तरी दिसतं?"

टायवाल्यांनी ती संधी सोडली नाही. "यंत्राची स्मरणशक्ती आहे, सर," ते म्हणाले, पण त्यांचा आवाज चिरकला.

मी चादर ओढली. खाली गादीच्या रेक्झिनवर, लांबीच्या मधोमध, पण एका कडेला, सुकलेल्या पाण्याचा एक गोल डाग होता. टेबलावरचं मीटर घेऊन त्याच्यावर धरलं. ते इतकं टिकटिकायला लागलं की अध्यक्ष दोन पावलं मागे सरले. सगळ्यांनी एकदम बरणीकडे बघितलं. ती कोपऱ्यात ठेवलेली होती, आणि झाकणाचा स्क्रू अर्धा वर आला होता. मग सगळ्यांनी एकदम साहेबांकडे न बघायचा प्रयत्न केला.

वन्संनी फुलं माझ्या हातात दिली. "म्हणजे माझ्या हाडात काही नाही."

टायवाले टाय सरळ करायला लागले.

"साहेब, मी विचारते आहे. माझ्या हाडात काही आहे की नाही?"

साहेबांच्या कपाळावर घाम आला होता. मला त्यांची दया आली, खोटं कशाला सांगू. ठिपका खाटेचा म्हटला तर नवरीचे गुण गेले. बरणीत चार गोळे इकडेही आणि तिकडेही, आणि पाचवा डोळे बारीक केल्याशिवाय कुठेच नाही. भिंत पाडलेली, पाटी लावलेली, अध्यक्ष समोर उभे.

"तसं आहे," ते म्हणाले, "की खाटेवर ठिपका आहे याचा अर्थ खुब्यात नाहीच असा होत नाही. दोन ठिपके एकाच जागी असू शकतात. आणि पंचांनी एकमताने नोंद केली आहे. ती बदलायची तर पुन्हा बैठक बोलवावी लागेल."

"कधी?"

"पुढच्या महिन्यात."

वन्संनी खुर्ची ओढली आणि बरोबर पितळी पाटीच्या दाराला पाठ लावून तिच्यावर बसल्या. आता कुणाला बाहेर जायचं तर त्यांना ओलांडून जावं लागणार होतं. "पंच सगळे इथेच आहेत," त्या म्हणाल्या. "बैठक भरवा. ती मी मोडू देणार नाही."

अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. त्यांना आणखी एक रिबीन कापायची होती. "भरवून टाका हो," ते साहेबांना म्हणाले.

मग मी रेक्झिन पुसून काढलं, कापड शिशाच्या डब्यात टाकलं आणि मीटर गप्प झालं. वन्संना तिसऱ्यांदा झोपवलं, या वेळी सरळ. खाट सरकली. डाव्या खुब्यात काही नव्हतं, उजव्या मांडीत काही नव्हतं. गुडघ्यातली झीज तेवढी जागच्या जागी होती, म्हातारीने सकाळी दाखवली होती तशीच.

पंचांनी कोपऱ्यात जाऊन कुजबुज केली. ती बरीच लांबली, कारण कुठल्याच बाजूला हरवायचं नव्हतं. शेवटी साहेब पुढे आले, आणि असा निकाल मी पुन्हा कधी ऐकला नाही. पेशंटला ठिपका नाही, हे पंचांना मान्य आहे. पण ठिपका होता आणि तो नव्या यंत्राने अत्यंत स्पष्ट दाखवला, हेही खरंच आहे. म्हणून पेशंट निरोगी आणि यंत्राचे गुण कायम.

"आणि सोमवारची जागा?" वन्संनी हाडांच्या डॉक्टरांना विचारलं.

त्यांनी डायरी मिटली. "दुसऱ्याला देतो," ते जरा हिरमुसून म्हणाले.

वन्सं खाटेवरून उतरल्या. "झालं तर. खुबा माझा मला मिळाला. ठिपका तुम्ही ठेवा." मग साहेबांकडे वळून म्हणाल्या, "तो नंबर फिरवून देणार होतात ना? शिपाई कुलूप लावेल."

साहेबांनी खरंच नंबर फिरवून दिला. पुष्पगुच्छांच्या मध्ये उभं राहून वन्सं फोनमध्ये एवढंच म्हणाल्या, "येते. माझी खुर्ची पुसून ठेवा. आणि नीट पुसा."

ठिपका त्या लोकांनी खरोखरच ठेवला. कंपनीच्या रंगीत माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर वन्संच्या कमरेचे दोन फोटो छापून आले, एक गोल, एक चौकोनी, आणि चौकोनी फोटोत ठिपक्याला बाण दाखवलेला. खाली लिहिलं होतं की जुन्या यंत्राच्या नजरेतून हे निसटलं. ते पत्रक देशोदेशी गेलं. तिसऱ्यांदा काढलेला स्वच्छ फोटो कुठेच छापला नाही. स्वच्छ फोटोत दाखवण्यासारखं काही नसतं.

टायवाले पुढे दुसऱ्या कंपनीत गेले. काही वर्षांनी ते आणखी नवं यंत्र विकायला आमच्याकडेच आले, टाय आता रुंद झालेला. जुन्या कंपनीची यंत्रं कशी नसलेले ठिपके दाखवतात याचा पुरावा म्हणून त्यांनी पिशवीतून फोटो काढला. तो वन्संचाच होता. मी एवढंच विचारलं, "चादर आणली आहे का?"

हाडांच्या डॉक्टरांचा स्वतःचाच खुबा म्हातारपणी मोडला, आणि तो बदलून घ्यायला ते दुसऱ्या गावी गेले. अध्यक्ष पुढे कुठल्या तरी मोठ्या मंडळावर गेले. माझी आठवण आहे ती इतकीच की रुग्णालयातून निघताना ते म्हणाले होते, आजच्या इतकं समजलेलं उद्घाटन त्यांनी दुसरं पाहिलं नव्हतं.

म्हातारीला तळघरात नेऊन ठेवलं. पण नवरीचा एक भाग बिघडला, तो बाहेरून यायला लागले महिनोन्महिने, आणि म्हातारीला परत वर आणावं लागलं. त्यानंतर ती आणखी चार वर्षं कण्हत, पण खरं दाखवत राहिली. शेवटी तिच्या तोंडातली काच तडकली. लोखंड उचलणारे आले तेव्हा मी मुद्दाम रजा घेतली होती.

फोटोग्राफरने त्या सकाळी काढलेला साहेबांचा फोटो मोठा करून व्हरांड्यात लावला. चेहरा फारच छान आला होता. बरणी तिरकी, ओठांवर हसू, आणि नीट बघितलं तर झाकणाच्या कडेला लोंबणारा एक थेंब, इतका लख्ख की त्यात खिडकी दिसायची. त्या दिवशी आमच्या खात्यात निघालेल्या सगळ्या फोटोंमध्ये सर्वांत सरस तो होता, आणि त्याला कुणी गुण दिले नाहीत. साहेबांनी स्वतः तो थेंब कधी पाहिला की नाही, मला माहीत नाही. निवृत्त झाल्यावर बऱ्याच वर्षांनी ते पाठदुखीसाठी फोटो काढून घ्यायला आले. वाकले होते, कानाने कमी ऐकू यायचं. मी सुई द्यायला गेले तर माझा हात धरून हळूच म्हणाले, "बाई, आधी खाटेवरून मीटर फिरवाल ना?" मी त्यांच्यासमोर फिरवलं. त्यांचा फोटो स्वच्छ आला. ते गेले ते हृदयविकाराने, झोपेत.

आमचे हे आता नाहीत. मी आहे, सुनेच्या हातचं खाते आणि टीव्हीवर दिसणाऱ्या चित्रांना नावं ठेवते.

वन्सं अकरा वर्षं मुख्याध्यापिका होत्या. शाळेतल्या त्यांच्या खोलीत टेबलामागच्या भिंतीवर ते माहितीपत्रक फ्रेम करून लावलं होतं, बाणासकट. कुणी पालक विचारायचे, हे काय, तर त्या सांगायच्या, "पाच तज्ज्ञांनी एकमताने सांगितलेलं उत्तर आहे." आणि गणितात नापास झालेल्या मुलीला पुन्हा वरून सुरू करायला सांगायच्या. त्या ब्याऐंशी वर्षांच्या होऊन गेल्या, दोन्ही खुब्यांनी धडधाकट. फ्रेम त्यांनी मला दिली. माझ्या खाटेसमोर ती लावली आहे. सकाळी ऊन त्यावर पडलं की वन्संची कंबर उजळते, आणि ठिपका तेवढा काळा राहतो.